लाल दिवसांचा ओव्हरटाइम

तीर्थस्वरूप धाकट्या मामांना,

लांबूनच, पण कमरेतून नीट वाकून नमस्कार. (वडिलांना तीर्थरूप आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, एवढी एक गोष्ट मी सहावीपर्यंतच्या शाळेतून बरोबर घेऊन निघालो होतो, ती वर वापरून टाकली. पुढच्या पत्राला शिक्षण शिल्लक नाही.)

तुमची तब्येत कशी आहे? घड्याळांसाठी भिंग लावून लावून तुमचा उजवा डोळा डाव्यापेक्षा बारीक झालाय असं मामी म्हणत होत्या. तो आता सुधारला, का डावाही बारीक करून दोन्ही सारखे केले? मामींचा गुडघा काय म्हणतो? चारी मुलं खुशाल असतील. त्यातली दोन तरी शाळेत टिकून असावीत, नाहीतर माझ्यासारखी कुठेतरी लांब जाऊन परक्यांच्या चादरी धुतील. माझं म्हणाल तर मी मजेत आहे. (हे वाक्य पत्रात घालावंच लागतं म्हणून घातलं. मजा किती आणि कसली, ते पुढे येईलच.)

आता तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना या गाढवाला पत्र लिहायची बुद्धी कुठून सुचली. तर मामा, विषयच असा आहे की फोनवर काढता येत नाही. आमची खोली एकच, आणि भिंती अशा की शेजारचा शिंकला तर आमची ही इकडून त्याला "पाणी प्या" म्हणते. कामावरून फोन करावा तर वाफेच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं, आणि हा विषय ओरडून बोलायचा नाही. शिवाय हात मोकळे राहावेत म्हणून तुम्ही दुकानात फोन स्पीकरवर लावून काउंटरवर ठेवता. मागे मी तुम्हाला तंबाखू सुटत नाही असं सांगत होतो, तेव्हा घड्याळाचा पट्टा बदलायला आलेल्या कुणा गिऱ्हाइकाने मध्येच मला लवंग चघळायला सांगितली होती. म्हणून पत्र. हे दुकानात उघडू नका. घरीही उघडू नका. मधल्या रस्त्यात वाचा.

विषय तोच जुना. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली आणि पाळणा काही हलत नाही. तुमच्या ताईला, म्हणजे माझ्या आईला, त्यावाचून दुसरा विषय राहिलेला नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. या बाबतीत आपल्या घरात शेवटचा शब्द तुमचा, कारण तुम्हाला चार मुलं. (घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला घड्याळातलं कळतं, पण चार मुलं झालेल्याला त्यातलं कळतंच असं नाही, असं मला हल्ली वाटायला लागलंय. रागावू नका.) तुमच्या पहिल्या निरोपात भिजवलेले बदाम होते. दुसऱ्यात पहाटे पळणं. तिसऱ्यात चहा बंद. चौथ्यात चहा चालू पण बदाम बंद, कारण ते उष्ण. मी सगळं केलं. पळायला गेलो तर पहिल्याच दिवशी दोन कुत्री मागे लागली आणि तुम्ही सांगितलं होतं त्याच्या दुप्पट पळून झालं, ते तिसऱ्या दिवसापर्यंत पुरलं. चहा बंद केल्यावर मी इतका चिडचिडा झालो की हीच म्हणाली, एक वेळ मूल नको पण तुम्ही चहा घ्या. तुम्हाला चार मुलं या उपायांमुळे झाली का उपाय न करता, हे एकदा मामींनी स्वच्छ सांगावं. उत्तर आलं नाही तरी मी समजून जाईन.

शेवटी आठ महिन्यांपूर्वी हीच म्हणाली, सगळ्या गावाला विचारून झालं, आता एकदा दवाखान्यातही विचारू. गेलो. तिथे एक सिस्टर आहेत, वयाने आईएवढ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, जीभ सुरीसारखी. लग्नाला किती वर्षं झाली म्हणून त्यांनी विचारलं. मी छाती काढून तीन सांगितली. मग त्यांनी विचारलं, त्यातली एकत्र किती राहिलात? मी बोटं मोजायला लागलो. पहिली अडीच वर्षं ही तुमच्या ताईजवळ आणि मी इकडे, वर्षातून दोनदा सुट्टी, त्यातही एकदा मला ताप. ही खोली मिळून ही इकडे आली त्याला जेमतेम सहा महिने. सिस्टर म्हणाल्या, "मग तीन वर्षं काय सांगता? पोस्टाने मुलं होत नाहीत." चांगल्या धडधाकट जोडप्यालाही वर्षभर लागू शकतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असंही म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "निम्मं काम यांचं, तर तपासणी एकट्या हिचीच का? आधी यांची करू, ती सोपी असते." मामा, हा प्रश्न आपल्या घरात तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

त्यानंतर एका डबीचा प्रसंग आला. त्याबद्दल लिहीत नाही, कारण रस्त्यात वाचा म्हटलं तरी हे पत्र शेवटी मामींच्या हाताला लागणारच.

तपासणीत हिचं सगळं ठणठणीत निघालं. माझा कागद आला त्यात माल थोडा कमी आणि चालीला सुस्त असं होतं. मी आजवर पाच नोकऱ्या सोडल्या, एका जागी बसवत नाही म्हणून तुमच्या दुकानातून तुम्ही मला आठव्या दिवशी हाकललंत, आणि माझ्या अंगातल्या कशाला तरी पहिल्यांदाच कुणी सुस्त म्हणत होतं. सिस्टरनी माझ्या कामाची चौकशी केली. मी सांगितलं, मोठी लाँड्री आहे, हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात, आमच्या या खोलीएवढे धुवायचे पिंप, त्यापुढे वाळवायची यंत्रं, त्यापुढे वाफेची इस्त्री. जेवायच्या सुट्टीत मी वाळवणीतून नुकत्याच निघालेल्या चादरींच्या ढिगावर बसून डबा खातो. (मामा, काय सांगू ते सुख. खालून ऊब, पुढे भाजी, राजाला मिळत नसेल.) किती दिवस बसताय म्हणाल्या. दीड वर्ष. सिस्टरनी चष्मा काढला. म्हणाल्या, "अहो, त्या कारखान्याला थंडावा लागतो, म्हणून तर तो अंगाबाहेर ठेवलाय. आणि तुम्ही त्याला रोज शेकताय!" मग पुढे यादी आली. गरम ढिगावर बसणं बंद, अंगाला चिकटणारी पँट बंद, तंबाखू तर आजपासून बंद, झोप पुरेशी, काळजी कमी. नवी खेप तयार व्हायला तीनेक महिने लागतात, तेव्हा उद्या सकाळी चमत्कार मागायला येऊ नका, हेही बजावलं.

तर मी लागलो कामाला. डबा उभ्याने खायला लागलो. तंबाखू सोडली आणि बडीशेप धरली, तिचा खर्च तंबाखूच्या वर गेला. सैल पँट शिवून घ्यायला वेळ नव्हता, पण आमच्याकडे दवाखान्याचे बाद झालेले पायजमे येतात, यंत्रं पुसायला ठेवलेले, त्यातला एक बरा बघून मुकादमाला विचारून घेतला. (मुकादमाला आम्ही भोंगा म्हणतो. तो प्रेमाने बोलला तरी तीन गल्ल्या ऐकतात. "पायजमा कशाला रे तुला?" हे त्याने विचारलं ते सगळ्या लाँड्रीने ऐकलं आणि कारण मी सांगितलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी आपापलं कारण ठरवलं.) पायजमा ऐसपैस होता, वारा खेळता. फक्त मागच्या बाजूला, बसायच्या जागी, दवाखान्याचा काळा शिक्का होता. तो मला दिसत नव्हता म्हणून मी तो विसरलो.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या वेळी दवाखान्यात ही एकटीच गेली, कारण मला सुट्टी नव्हती. येताना एक छोटं कॅलेंडर घेऊन आली, दाराच्या मागे खिळ्याला लावलं, आणि लाल पेनाने सहा दिवसांना गोल केले. मला म्हणाली, "हे लाल केलेले दिवस लक्षात ठेवा." एवढं बोलून लाजून ओट्याकडे वळली आणि स्वच्छ पातेलं परत घासायला लागली. मी म्हटलं, "समजलं. नियम म्हणजे नियम." हिने मान डोलावली. इथे आमचं बोलणं संपलं. मामा, माणसाने तेव्हाच अजून एक वाक्य बोलायला हवं होतं, पण तेवढं एकच वाक्य जगात कुणी वेळेवर बोलत नाही.

आमच्या लाँड्रीत लाल फितीचा एक कायदा आहे. दवाखान्यातून येणाऱ्या ज्या गाठोड्याला लाल फीत बांधलेली असते त्यात रोगट कपडे असतात. त्याला हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, वास घ्यायचा नाही. हातमोजेवाली दोन माणसं येऊन ते घेऊन जातील तेव्हा जातील. नवा माणूस आला की भोंगा त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, आणि मी एकदा चुकून फीत सोडली होती तेव्हा जे ऐकलं ते आजही कानात आहे. म्हणजे लाल दिसलं की मी दोन पावलं मागे सरतो, ते रक्तातच गेलंय. हिने दिवस लाल केले, मी काय समजायचं? नाजूक दिवस दिसतात, लांब राहायला सांगितलंय. बायका या गोष्टी उघड बोलत नाहीत, शहाण्या नवऱ्याने न विचारता समजून घ्यावं, असं माझं मीच ठरवलं आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश झालो.

आता एका खोलीत लांब राहायचं म्हणजे किती लांब राहणार? पलंग आणि मोरी यात चार पावलं. म्हणून मी भोंग्याला जाऊन सांगितलं, महिन्यातले हे सहा दिवस मला ओव्हरटाइम लाव, झोपायलाही मी इथेच कपड्यांच्या खोलीत पडतो. भोंग्याचे डोळे भरून आले. पहिल्या महिन्यात पहिल्या लाल दिवशी ही संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालून, केस नीट विंचरून दारात उभी होती. मला वाटलं कुठे बाहेर निघालीय. मी म्हटलं, "सावकाश जाऊन ये, घाई करू नकोस," आणि डबा उचलून कामावर गेलो. मागे वळून बघितलं तेव्हा ती तशीच उभी होती. मला वाटलं, काय मायाळू बाई आहे, निरोप द्यायला थांबलीय.

असे पाच महिने. पाच महिने मामा, एकही दिवस न चुकता. घड्याळजीचा भाचा शोभलो असतो. तिसऱ्या महिन्यात लाँड्रीने मला उत्तम कामगार म्हणून निवडलं आणि सगळ्यांसमोर बक्षीस दिलं. बक्षीस काय असेल? विजेवर तापणारी चादर! मी ती घरी आणली, आणि तापलं तर चालत नाही म्हणून शेजाऱ्याला वापरायला दिली. त्याच्या बायकोला आता तिसरा महिना आहे. (त्याला थंडाव्याचं कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. ज्याचं त्याचं नशीब.)

इकडे ही दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. ही घरी बसून शर्टांना बटणं लावायचं काम करते. आधी बटणं लावताना गुणगुणायची, ते थांबलं. मला वाटलं काम वाढलंय. त्यात आईचे फोन. आई मला कधीच फोन करत नाही, हिलाच करते. काय बोलणं होतं ते ही सांगत नव्हती. फक्त एकदा मी मोरीत होतो आणि फोनचा आवाज मोठा होता, म्हणून मीच ऐकलं. आई म्हणत होती, तू काही दिवस माहेरी जाऊन राहा, नाहीतर आम्हाला पुढचा विचार करावा लागेल. पुढचा विचार म्हणजे काय ते तुम्हालाही कळतं, मलाही कळतं, आणि हिला सगळ्यात आधी कळलं. मी बाहेर येऊन हात पुसले. डबा उचलला. मनात म्हटलं, आणखी जोमाने नियम पाळू.

मग गेल्या महिन्याची तेरा तारीख उजाडली. लाल दिवसांतला चौथा. दुपारच्या सुट्टीत मी पायजम्यावर लाँड्रीच्या फाटकापाशी उभा होतो. मला एका जागी उभं राहता येत नाही म्हणून येरझाऱ्या घालत होतो, आणि तंबाखू सोडल्याला किती दिवस झाले ते मोठ्याने मोजत होतो. तेवढ्यात दवाखान्याची चादरींची गाडी निघाली. तिच्यावरचे दोन्ही शिपाई नवे. आणि त्या दिवशी सकाळी त्यांच्या दवाखान्यातून एक पेशंट पायी निघून गेलेला. त्यांनी मला पाठमोरा बघितला. शिक्का वाचला. दोघांनी दोन बाजूंनी दंड धरले आणि लाडीगोडीने म्हणाले, "चला भाऊ, डॉक्टर वाट बघताहेत." मी म्हटलं मी इथे कामाला आहे. ते म्हणाले हो हो, सगळे तसंच म्हणतात. मी म्हटलं, "अहो मी पेशंट नाही, मला फक्त थंडावा लागतो!" त्यावर त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि दंड आणखी घट्ट धरले. भोंग्याला हाक मारली, पण जन्मात एकदा त्याच्यापेक्षा वाफेचा आवाज मोठा निघाला.

आणि गाडीत मला बसवलं कशावर? ताज्या, वाळवणीतून आत्ताच निघालेल्या, गरम गरम चादरींवर! मी उठायला धडपडायचो, ते खांदे दाबून बसवायचे. "सोडा, सोडा, गरम आहे, माझी तीन महिन्यांची खेप जाईल," असं मी सबंध रस्ताभर ओरडत होतो. एक शिपाई दुसऱ्याला म्हणाला, खेप म्हणतोय, म्हणजे हा ट्रकवाला असणार, डोक्याला मार लागलाय.

दवाखान्यात नेलं तर समोर त्याच सिस्टर. त्यांनी चष्मा चढवला, मला वरून खाली बघितलं आणि शिपायांना म्हणाल्या, "हा आपला पेशंट नाही. असायला हरकत नाही, पण नाही." शिपाई गेले. सिस्टरनी मला पाणी दिलं आणि सहज विचारलं, काय, दिवस पाळताय ना? मी ताठ झालो. म्हटलं, "पाळतोय म्हणजे! पाच महिने झाले, कडक. एकदाही चूक नाही. लाल दिवस आले की मी घराकडे फिरकतसुद्धा नाही."

मामा, मला दिलेला पाण्याचा पेला सिस्टरनी परत घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला. मग विचारलं, "मग कुठे जाता?" म्हटलं, ओव्हरटाइमला.

पुढे सिस्टर जे बोलल्या त्यातलं निम्मं पत्रात लिहिता येत नाही आणि उरलेलं मला लागू पडतं. मग जरा शांत झाल्यावर त्यांनी औषधाच्या खोक्याच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. बाईचं बीज महिन्यातून एकदा निघतं आणि दिवसभरच टिकतं. पुरुषाचं तीन-चार दिवस, कधी पाच दिवसही दम धरून वाट बघतं. म्हणून ते निघायच्या आधीचे काही दिवस आणि तो दिवस, एवढेच काय ते कामाचे. तेच ते लाल. मला एकदम कळलं. आमच्याकडेही तसंच आहे, हॉटेलची गाडी फाटकावर पाच मिनिटंच थांबते, माल आधीच येऊन उभा पाहिजे. आमचा माल पाच महिने, गाडी यायच्या नेमक्या दिवशी, कपड्यांच्या खोलीत घोरत होता. तुमची शपथ, इतकी उष्णता, तंबाखू, पँट, बदाम, सगळ्याचा हिशोब केला, आणि माणूस घरी असावा लागतो एवढं तुम्हीही तुमच्या चार निरोपांत लिहिलं नाहीत!

"आज तेरा तारीख आहे," सिस्टर म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्यासमोर काय बसलाय?"

मी पळालो. कुत्री नव्हती तरी पळालो. शिक्क्यासकट भर दुपारी घरी पोचलो तर दार उघडं, पलंगावर हिची बॅग भरलेली, आणि सगळ्यात वर ते कॅलेंडर, घडी घालून ठेवलेलं. ही पाठ करून उभी होती. संध्याकाळच्या गाडीने माहेरी निघाली होती. मला बघून आधी दचकली (पायजम्यामुळे असेल), मग शांतपणे म्हणाली, "आज कसे काय आलात? आज तर लाल आहे. तुम्हाला मूल नको असेल तर तसं सांगायचं. दर महिन्याला तेवढेच सहा दिवस माझ्यापासून पळून जायची काय गरज होती?"

मामा, मी आजवर पाच मालकांच्या शिव्या खाल्ल्या, तुमच्याही खाल्ल्या, पण असं कधी लागलं नव्हतं. पाच महिने ती ठेवणीतले कपडे घालून दारात उभी राहत होती, आणि हा माणूस नेमके तेच दिवस धरून पळतोय असं बघत होती. मी तिला लाल फितीचं सांगितलं. गाठोडं, हातमोजे, भोंगा, सगळं. आधी तिला खरं वाटेना. मग म्हणाली, "अहो, कॅलेंडरात लाल म्हणजे काय असतं?" मी विचार केला. म्हणाली, "लाल म्हणजे सुट्टी! सुट्टीच्या दिवशी माणूस घरी असतो, म्हणून मी लाल केलं!" मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. (मी नाही रडलो. वाफेने माझे डोळे तसेही लाल असतात.) मी बॅग उघडली, कॅलेंडर काढलं आणि परत खिळ्याला लावलं. बॅगेतलं बाकीचं सामान काढायला दोन दिवस लागले, कारण मी तीन दिवस सुट्टी घेतली होती आणि घाई कशालाच नव्हती. भोंगा चौकशीला आला तर त्याला दारातूनच सांगितलं, आज लाल आहे. तो बिचारा दोन पावलं मागे सरला आणि निघून गेला.

तर असं सगळं आहे. इथलं हवामान ठीक आहे. पायजमा परत केला. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद (माझे त्यांना लागू होत असतील तर).

तुमचा, आता एका नोकरीत दोन वर्षांच्या वर टिकलेला,
भाचा

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. आई बारा तारखेला इकडे यायला निघालीय, हिला घेऊन जाऊन तिकडे कुणाला तरी दाखवायचं म्हणते. आणि हिने या महिन्याचे गोल अजून काढलेले नाहीत. दोनदा आठवण केली तर म्हणते लाल पेन संपलंय. मी तीन नवी पेनं आणून दिली, तरी विसरते. म्हणून मीच बोटांवर मोजलं. मागच्या महिन्यात दहा ते पंधरा होते, अठ्ठावीस दिवसांनी धरलं तर या महिन्यात आठ ते तेरा येतात. म्हणजे आई नेमकी बाराला येऊन आमच्या एका खोलीत, दोघांच्या मध्ये चटई टाकणार. मामा, आई आयुष्यात दोघांचंच ऐकते, एक भिंतीवरचं घड्याळ आणि दुसरे तुम्ही, आणि ते घड्याळही तुम्हीच लावून दिलंय. तिला पंधरापर्यंत अडवा. कंबर धरली म्हणा, मामींचा गुडघा म्हणा, पण अडवा.

दुसरा ता. क. आणि तिला सांगा की दोष हिचा नव्हता. कागद माझा कमी होता आणि अक्कल त्याहून कमी होती. पुढचा विचार करायचाच असेल तर तो हिच्या घरच्यांनी करावा, दुसरा जावई बघायचा. हे मला आईशी बोलता येत नाही. तुम्ही बोला. हे माझ्या नावाने बोललात तरी चालेल.

तिसरा ता. क. पाकीट डिंकाने घट्ट चिकटवलंय आणि पेटीत टाकायला हिच्याकडे देतोय. ती दुसऱ्याचं पत्र उघडणाऱ्यातली नाही.

मामांना नमस्कार. पाकीट किटलीच्या वाफेवर उघडलं. लाँड्रीवाल्याच्या बायकोला एवढं येतं. यांनी लिहिलंय ते बहुतेक खरं आहे, फक्त त्या दिवशी आधी रडले ते हे, मी नंतर. दुसरा ता. क. यांनी लिहिला हे मला ठाऊक नव्हतं. तो तेवढा आईंना जसाच्या तसा वाचून दाखवा, बाकीचं पत्र नको.

पण आईंना अडवू नका. बाराला येऊ द्या. लाल पेन संपलेलं नाही, जुनंही आहे आणि यांची तीनही आहेत. या महिन्यात गोल काढायची वेळच आली नाही. सात दिवस वर झालेत. सिस्टर म्हणाल्या, आणखी आठवडाभर थांबा, मग तपासू. यांना सांगितलेलं नाही. यांना एक गोष्ट पोटात ठेवून अर्धा तास बसवत नाही, आणि तो भोंगा आहेच. तुम्ही घड्याळवाले, वेळ झाल्याशिवाय टोल द्यायचा नसतो हे तुम्हाला कळतं.

यांचा फोन आला तर स्पीकर बंद करा आणि "बघतो, अडवतो" एवढंच म्हणा. आठ ते तेरा बोटांवर मोजताहेत. मोजू द्या.